निरोपाचं पेट्रोल

"तुम्ही गाडीला आणलंय, की गाडीनं तुम्हाला?"

मी विचारलं, कारण त्याची अवस्थाच तशी होती. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, चष्मा घसरून नाकाच्या टोकावर आलेला, आणि एक हात स्कूटरच्या सीटवर — आजारी मावशीला दवाखान्यात आणल्यासारखा.

"चढावर मी तिला ढकललं," तो धापा टाकत म्हणाला. "उतारावर तिनं मला. सामना... बरोबरीत सुटला."

गिऱ्हाइकाच्या फजितीवर हसायचं नाही, हा बाबांचा नियम. गॅरेज बाबांचं, त्यामुळे नियमही त्यांचेच. मी गुपचूप स्टुलावर बसून कार्बोरेटर उघडला, आत पाहिलं, आणि माझं डोकं नेहमीप्रमाणे फिरलं.

"हे बघा! पेट्रोलचा पाइप कसा फुगलाय. इथेनॉल! या आठवड्यातली ही चौथी गाडी. पिकं पिकवायची, त्यांची दारू गाळायची आणि ती पेट्रोलमध्ये घालून गाड्यांना पाजायची! माणूस प्यायला तर पोलीस धरतात, गाडी प्यायली तर म्हणे हवा शुद्ध होते!"

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल आधी हलायचा, उजवा मागून यायचा. हे मी उगाचच पाहिलं.

"म्हणजे इथेनॉल वाईटच?"

"शत्रू आहे माझा. अॅव्हरेज घटतं, रबर फुगतं, आणि लोकांच्या ताटातलं धान्य टाकीत जातं."

त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "अॅव्हरेजचं खरं आहे. रबराचंही खरं, निदान जुन्या गाड्यांत. धान्याचं मात्र... अर्धं खरं. कणसं काढल्यावर उरलेल्या धाटांपासूनही आम्ही आता—"

"आम्ही?"

"मी... इथेनॉलच्या कारखान्यात आहे. प्रयोगशाळेत."

माझ्या हातातला पाना सुटला आणि थेट माझ्याच पायावर पडला. मी ओरडले, तो घाबरून खाली वाकला, मीही वाकले आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. बाबा आतून धावत आले तेव्हा मी पाय धरून बसले होते आणि शत्रू कपाळ धरून.

पाइप बदलला, स्कूटर सुरू झाली. बाबांनी मागच्या भिंतीजवळचा डबा उचलला आणि त्याच्या टाकीत अर्धा लिटर पेट्रोल ओतलं. दुरुस्तीच्या वेळी गाड्यांच्या टाक्यांतून काढलेलं पेट्रोल त्या डब्यात साठायचं.

"हे कशाला, काका?"

"निरोपाचं," बाबा म्हणाले. "आमच्या दारातून कुणी रिकाम्या टाकीनं जात नाही. चाळीस वर्षांची रीत आहे."

त्यानं बाबांकडे ज्या नजरेनं पाहिलं ना... शत्रू असला तरी तेवढं मला आवडलं.

तीन दिवसांनी स्वारी पुन्हा स्कूटर ढकलत हजर!

"बघा तुमचं इथेनॉल," मी म्हणाले.

"मला वाटतंय गाडीलाच इथे यायचं असतं."

"गाडीला?"

"हो... तिलाच. मी आपला सोबत येतो."

मग त्याचा हॉर्न बिघडला. मग आरसा सैल झाला. मग म्हणे ब्रेक लावला की कसलासा आवाज येतो. कसलाही आवाज येत नव्हता, पण मी पाऊण तास शोधत बसले. तो शेजारच्या उलट्या क्रेटवर बसून चहा प्यायचा आणि भांडायचा. मी त्याला 'भट्टीवाले' म्हणू लागले, तो मला 'मिस्त्रीबाई'. मी म्हणायचे, एवढं पाणी पिऊन वाढणाऱ्या पिकाचं इंधन करणं हा शहाणपणा आहे का? तो म्हणायचा, नाही, सगळीकडे नाही. जमिनीखालचं तेल मात्र संपलं की संपलं, पीक पुन्हा उगवतं. आणि आपल्या चुका कबूल करून भांडणाऱ्याशी नीट भांडता येत नाही, ही माझी खरी अडचण होती.

"एका शब्दात सांगा. पेट्रोलपेक्षा चांगलं की वाईट?"

"एका शब्दात? ...सांभाळून." तो माझ्या काळ्या बोटांकडे पाहत होता. "जे नवीन आहे त्याच्याशी आधी ओळख करून घ्यावी लागते, मिस्त्रीबाई."

माझे कान तापले. मी स्पार्क प्लग चुकीच्या बाजूला फिरवला.

इकडे गाड्या मात्र बंद पडतच होत्या. शाळेतल्या बाईंची स्कूटी, फोटोग्राफरची मोटरसायकल, दूधवाल्याची तीनचाकी. नीट करून दिली की दोन-तीन दिवसांत पुन्हा ठप्प. लोक बाबांकडे संशयानं बघायला लागले. बाबांची झोप उडाली. मग मी अकरा गिऱ्हाइकांच्या सह्या घेतल्या आणि कारखान्याला तक्रार ठोकून दिली: तुमच्या इथेनॉलनं गाड्या बिघडतात, लोकांसमोर येऊन उत्तर द्या! त्याला काही सांगितलं नाही. म्हटलं, मोठ्या साहेबांकडे जाईल, त्याचा काय संबंध?

मंगळवारी तो आला तेव्हा स्कूटरला काहीच झालेलं नव्हतं. हातात काचेच्या बाटल्यांची पेटी होती आणि गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र.

"तक्रार माझ्याच टेबलावर आली," तो म्हणाला. "तपासणी अधिकारी... मी."

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

तो रागावला नाही, हेच जास्त लागलं. दुरुस्तीला आलेल्या सगळ्या गाड्यांच्या टाक्यांतून त्यानं तळाचं पेट्रोल काढलं, बाटल्यांवर नंबर घातले. पंपावरून आणलेली बाटली स्वच्छ, एकसारखी होती. गाड्यांच्या बाटल्यांत मात्र दोन थर दिसत होते, वर पेट्रोल आणि खाली काहीतरी धुरकट.

"खाली काय आहे?"

"पाणी. आणि पाण्यानं ओढून घेतलेलं इथेनॉल. इंजिनला आधी हेच मिळतं आणि ते बंद पडतं." तो थांबला. "पंपावर पाणी नाही. म्हणजे मधे कुठेतरी..."

त्यानं पुढचं वाक्य पूर्ण केलं नाही. तो मागच्या भिंतीकडे बघत होता. मीही बघितलं.

डबा तिथेच होता. त्याच्या तोंडात वर्षानुवर्षं तसंच खोचून ठेवलेलं नरसाळं होतं. झाकण नव्हतंच. आणि डब्याच्या बाजूलाच आमचा गाड्या धुण्याचा रॅम्प होता. त्या क्षणीही पाण्याच्या पाइपमधून उडालेले थेंब नरसाळ्यात पडत होते, टप... टप...

त्यानं डब्यातून एक बाटली भरली आणि दोघांच्या मधे धरली. निम्म्याहून जास्त धुरकट.

अकरा गाड्या! त्याची स्कूटरसुद्धा! इथेनॉलनं नाही, पंपानं नाही... बाबांच्या अर्ध्या लिटरनं त्या बंद पाडल्या होत्या.

"तुझ्या बाबांची पद्धत जुन्या पेट्रोलला बरोबर होती गं," तो हळू आवाजात म्हणाला. "पाणी थोडंसंच असायचं, तळाशी राहायचं, काका वरचं पेट्रोल ओतायचे. आता इथेनॉल पाण्याला जाऊन मिळतं, तळाचा थर वाढत जातो. त्यांना कुणी सांगितलंच नाही."

त्यानं मला कधी 'तू' म्हटलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. "अहवालात लिहू नकोस," मी म्हणाले. "चाळीस वर्षांचं नाव आहे त्यांचं. गिऱ्हाइकं तुटतील. ते खचतील रे..."

"लिहावं लागेल."

"माझ्यासाठीही टाळता नाही येणार?"

त्यानं बाटलीला बूच लावलं. "तुझ्यासाठी आज खोटं लिहिलं, तर उद्या मी काही खरं सांगितलेलं तुला पटेल?"

"जा इथून," मी म्हणाले. तो गेला. मी डबा रिकामा केला आणि बाबांना खोटंच सांगितलं की तळाला गंज धरलाय. त्यांच्या तोंडावर खरं सांगायची माझी छाती झाली नाही. चार दिवस स्कूटर आमच्या गल्लीत वळली नाही, आणि मी मात्र प्रत्येक हॉर्नला मान वर करत होते.

शनिवारी दुपारी अकराही गिऱ्हाइकं गॅरेजात जमली. तो बंद पाकीट घेऊन कोपऱ्यात उभा राहिला. बाबा सगळ्यांना खुर्च्या देत होते, हसत होते. आज आपल्या बाजूनं निकाल लागणार, अशी त्यांची खात्री होती. त्यांचं ते हसू मला बघवेना. कारखान्याच्या कागदानं हे त्यांना सांगावं? परक्या पाकिटानं?

"थांबा," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. "पाकीट उघडायच्या आधी मी बोलते. इथेनॉलची चूक नाही. निदान या वेळी तरी नाही. पाणी आपल्या डब्यात होतं, बाबा. तुमच्या निरोपाच्या पेट्रोलमध्ये. मला मंगळवारपासून माहीत आहे."

सगळे आ वासून बघत राहिले. बाबांच्या हातातली खुर्ची तशीच अधांतरी राहिली. मग ते त्याच खुर्चीवर बसले.

"म्हणजे... मी?" ते म्हणाले. "माझ्या हातानं?"

शाळेतल्या बाईंनी घसा साफ केला. "मिस्त्री, आमच्या गाड्या तुम्ही मायेनं बंद पाडल्यात होय! आणि आम्ही आपले उगाच कारखान्याला शिव्या घालत होतो."

दूधवाल्याला हसू आवरेना. मग फोटोग्राफरला. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझा हात घट्ट धरला, डोळे पुसले, चष्मा लावला आणि हात पुढे केला. "आणा तो अहवाल. माझी चूक मीच वाचणार, सगळ्यांसमोर."

"काका, सगळं मोठ्यानं नका..." तो एकदम पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"का? लपवायचंय काय आता?" बाबांनी पाकीट फाडलं आणि थेट निष्कर्षांवर बोट ठेवलं. "मुद्दा पाच. दोष साठवणुकीत आढळला. मुद्दा सहा. नव्या इंधनाची काळजी कशी घ्यावी, हे कारखान्यानं वा पंपानं गॅरेजचालकांना कळवलेलं नाही. ही चूक आमची असून सर्व गाड्या कारखान्यानं दुरुस्त करून द्याव्यात. वा! मुद्दा सात. हा अहवाल दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा, कारण तपासणी अधिकारी तक्रारदार मुलीच्या..."

बाबा थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला. पुन्हा लांब धरला.

"...प्रेमात असल्यामुळे तो निःपक्षपाती आहे असे म्हणता येणार नाही."

मला बसायलाही काही सापडेना. माझं तोंड उघडं होतं आणि ते मिटायचं कसं तेच आठवत नव्हतं.

"हे तू... मोठ्या साहेबांना पाठवलंस?" मी कसंबसं विचारलं.

"सकाळीच," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "नियम आहे. संबंध असेल तर तो... जाहीर करावा लागतो. तुला आधी सांगायला हवं होतं, पण तू 'जा' म्हणालीस."

बाबांनी कागद माझ्याकडे सरकवला. ते कुणाकडेच बघत नव्हते, पण त्यांच्या मिशा हलत होत्या. खाली एक चौकट होती: तक्रारदाराचे म्हणणे. मी खिशातलं पेन काढलं. अक्षर वाकडं आलं, कागदावर ग्रीसचा ठसाही उमटला.

मी लिहिलं, 'सर्व मुद्दे मान्य.'