चाकावरचा सतरा नंबर

नळ फिरवला की पाणी येतं, यापलीकडे आपण कधी विचार करत नाही. पण ते पाणी टेकडीवरच्या टाकीतून येतं, आणि प्यायच्या लायकीचं राहायचं तर पाइपात सतत दाब लागतो. दाब आहे तोवर फटींमधून पाणी फार तर बाहेर गळतं. दाब संपला की उलटं होतं, त्याच फटींमधून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. टाकीवरच्या चावीवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून वर्षातून एकदा टाकी धुवायला रिकामी केली की त्याचा जीव टांगणीला लागायचा.

त्याला सगळे धाकटा म्हणत. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी धाकटाच. कारण त्याचा थोरला भाऊही याच टाकीवर कामाला होता. अकरा वर्षांपूर्वी तो इथेच बुडून गेला.

टाकीवरचा नियम साधा होता. आत उतरणाऱ्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला टाकीत पाणी सोडायच्या चाकाला अडकवायचा आणि वर आल्यावर स्वतःच काढायचा. चाकावर बिल्ला असेपर्यंत चाक फिरवायचं नाही. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, साक्षात साहेब आले तरी.

त्या दुपारी टाकी धुऊन तिघे सफाईवाले वर आले आणि आपापले बिल्ले काढून मुकादमाबरोबर जेवायला गेले. ब्लीचिंग पावडरच्या वासाने डोळे चोळत धाकटा चाकापाशी आला आणि जागीच थबकला. चाकाला अजून एक बिल्ला लटकत होता. ओला. सतरा नंबर.

थोरल्याचा.

त्याने मुकादमाला फोन लावला. "आत कुणी राहिलंय का हो?"

"तिघे उतरले, तिघे वर आले. समोर बसून जेवतायत."

"गाळात एखादा बिल्ला सापडला होता?"

"नाही बुवा. का?"

"काही नाही," धाकटा म्हणाला.

खरी गोष्ट त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती. त्या दिवशी थोरला वर आलेला त्याने पाहिला होता. विसरलेली बॅटरी आणायला तो पुन्हा खाली उतरला, ते मात्र पाहिलं नव्हतं. दादा बिल्ला काढायचा विसरला असं समजून धाकट्याने तो काढला आणि चाक फिरवलं. नंतर घाबरून बिल्ला टाकीत फेकून दिला. तो पुढे कधीच सापडला नाही. थोरला बिल्ला न अडकवताच उतरला, चूक त्याचीच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. वहिनीसुद्धा मेलेल्या नवऱ्यालाच बोल लावत राहिली. धाकट्याने तिचा संसार सांभाळला, पण तिच्या नजरेला नजर दिली नाही.

फोन वाजला. साहेब होते. "दाबाचा काटा एकवर आलाय. खाली हॉस्पिटल आहे, माहितीय ना? सोड पाणी."

"साहेब... चाकावर बिल्ला आहे."

"सगळे बाहेर आलेत ना? मग काढ तो आणि सोड."

धाकट्याचा हात बिल्ल्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. अकरा वर्षांपूर्वी त्याने स्वतःची समजूत अशीच घातली होती.

"दहा मिनिटं द्या," तो म्हणाला.

सतराशेजारी त्याने आपला तेवीस नंबर अडकवला आणि बॅटरी घेऊन शिडी उतरला.

बाहेर रणरणतं ऊन होतं, आत मिट्ट काळोख. ओल्या खांबांवरून बॅटरीचा उजेड सरकत होता. कुठेतरी एक थेंब पडायचा आणि त्याचा आवाज बराच वेळ फिरत राहायचा. धाकटा चारही कोपरे फिरून आला. कुणी नव्हतं.

मग तो काळोखालाच म्हणाला, "दादा... त्या दिवशी बिल्ला मी काढला. चूक तुझी नव्हती."

थेंब पडायचे थांबले.

"चल... वर चल आता."

तो शिडी चढू लागला. त्याच्या प्रत्येक पावलामागे, एक पायरी खाली, आणखी एक पाऊल वाजत होतं. त्याने मागे पाहिलं नाही.

वर आला तेव्हा सतरा नंबर चाकावर नव्हता. फक्त तेवीस होता. त्याने तो काढून खिशात टाकला आणि मोजून चाळीस फेरे चाक फिरवलं. खाली पाणी घुमत आत शिरलं. मनावरचा दगड उतरला तसा तो ढसाढसा रडला. आज वहिनीला सगळं सांगायचं, त्याने ठरवलं.

तो टेकडी उतरून चौकीत आला तेव्हा दाबाचा काटा तीनवर आला होता. गाव वाचलं. बिल्ला जागेवर लावायला धाकटा भिंतीवरच्या बिल्ल्यांच्या फळ्याकडे वळला. अकरा वर्षं रिकाम्या असलेल्या खिळ्याला सतरा नंबर लटकत होता. त्यातून पाणी ठिबकत होतं.

त्याने खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या पाळीचा चावीवाला टाकीवरून बोलत होता.

"अहो, चाकावर तुमचा तेवीस नंबर आहे. आणि चाक तर पुरतं उघडं आहे. तुम्ही कुठे आहात?"

"चौकीत," धाकटा म्हणाला. "इथेच उभा आहे मी."

"हॅलो? बोला ना..." पलीकडचा आवाज खाली आला. "काही ऐकू येत नाही. नुसता पाण्याचा आवाज येतोय."