व्हाया मस्कत

मस्कतच्या विमानतळावर मी डबा उघडला, तोच शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, “पोहे? म्हणजे तुम्ही मराठी!”

“आणि तुम्ही भुकेले,” मी म्हटलं.

त्याने हसून कान पकडले... नजर मात्र डब्यावरच! शेवटी मीच डबा पुढे केला. तो मिहीर. मूळचा नाशिकचा, दुबईत स्टेडियमचे दिवे बसवणाऱ्या कंपनीत. मी ओवी. दोह्यात फुटबॉल वर्ल्ड कपच्या एका मैदानाची हिरवळ वाढवते. दोघंही दोह्याहून दुबईला निघालेलो.

खरं तर हे तासाभराचं विमान. पण कतार आणि अमिरातीची सरकारं एकमेकांवर रुसली आणि सरळ विमानं खलास. आता आधी मस्कत गाठायचं, तिथे ताटकळायचं, मग दुबई. घरातून सकाळी निघालं की पोचेस्तोवर संध्याकाळ.

“अंतर वाढलं ते बरंच झालं,” तो म्हणाला.

“का हो?”

“तासाभरात... एवढी ओळख झाली नसती.”

मी उगाचच डब्याचं झाकण लावत बसले. लागेचना.

मग मस्कत आमचंच झालं. तो दुबईहून यायचा, मी दोह्याहून. समुद्राकाठी खारा वारा माझी ओढणी त्याच्या खांद्यावर नेऊन टाकायचा आणि तो ती परत द्यायला मुद्दाम वेळ लावायचा. मी तासन्‌तास गवताबद्दल बोलायचे. ऐकायचा बिचारा!

एका शुक्रवारी तो दोह्यातल्या आमच्या अल हिलालच्या घरी आला, रीतसर मागणी घालायला. आईने बशा मांडल्या. बाबांनी थेट मुद्द्यालाच हात घातला.

“लग्नानंतर ओवी दुबईला येणार, हे धरूनच चाललोय. पण जायला अख्खा दिवस लागतो हो. एकुलती एक लेक आहे...”

मिहीर हवा होता, अगदी जिवापाड हवा होता. पण उघड्या वाळूवर माझ्या हाताने उगवलेलं ते मैदान दुसऱ्याच्या हवाली करायचं?

“मी नाही जाणार,” मी म्हणाले. “त्या गवतावर पहिला सामना होईपर्यंत तरी नाही. मिहीर, तुला थांबायचं नसेल तर... मी समजून घेईन.”

आईचा हात बशीवरच थबकला. मला रडू येत होतं, पण शब्द मागे घ्यायचे नव्हते.

“काका,” मिहीर बाबांकडे वळला, “अल हिलालहून मुऐदरला जायला किती वेळ लागतो?”

“मुऐदर? अर्धा तास. ट्रॅफिक असेल तर थोडं जास्त. का?”

“तिथे फ्लॅट बघितलाय. इथल्या कंपनीचं ऑफर लेटर काल आलं. दुबईचा राजीनामा उद्या देतो, ओवी हो म्हणाली तर.”

“मला आधी का नाही सांगितलंस?” मी जवळजवळ ओरडलेच.

“कालपर्यंत ऑफर हातात नव्हती... आणि गवत सोडून चल, असं तुला म्हणायची हिंमत माझ्यात नाही. इच्छाही नाही.”

बाबा खो खो हसत सुटले. आईने डोळ्यांना पदर लावला.

“बाबा, मला हाच हवाय!” मी म्हणाले. आवाज इतका चढला की खालच्या मजल्यावरच्या नफिसा आंटींनीही ऐकलं असणार. ऐकू दे!