फोन मोकळा ठेवायचा

दारावरची बेल वाजली तशी आत्या दचकली. तिच्याकडे बेल वाजवणारं कुणी उरलंच नव्हतं. तिनं दार न उघडता शेजारची खिडकी वीतभर उघडली. बाहेर पावाची पिशवी घेऊन एक उंच तरुण उभा होता. बाह्यांना पीठ लागलेलं.

"सर्दी-खोकला आहे का?" तिनं विचारलं.

"नाही..." तो गोंधळला. मग सावरून म्हणाला, "लग्नही झालेलं नाही. आणखी काही?"

पिशवी वरच्या मजल्यावरच्या काकूंची होती, बेल चुकली होती. तो वर गेला तरी आत्या खिडकीशी हसत उभी. किती दिवसांनी आपण हसलो, हे आठवेना तेव्हा तिचं हसू मावळलं.

आत्या म्हणजे ठमीची आत्या. ठमी तिच्या भावाची पाच वर्षांची लेक. वहिनी गेली, भाऊ जहाजावर नोकरीला, आणि ठमीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र. पोर जरा धावली की ओठ निळे पडायचे. ऑपरेशन करायचं ठरलं होतं, पण तारीख हॉस्पिटल आदल्या दिवशी फोनवर कळवणार. खाटा मोजक्या, मुलं ढीगभर. एकदा बोलावणं आलं, तर ऐन वेळी कालच जन्मलेल्या एका बाळाला आत घ्यावं लागलं. त्या बाळावर रागावणार तरी कसं? दुसऱ्यांदा ठमीचं नाक वाहत होतं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि परत पाठवलं. सर्दीत भूल देता येत नाही म्हणाले.

तेव्हापासून आत्यानं दार लावून घेतलं. मैत्रिणी, शेजारची मुलं, सगळं बंद. दाराआड भरलेली बॅग, आणि घरातच शिलाईचं काम. मशीन थांबवून ती मधूनच ठमीचा श्वास ऐकायची. संध्याकाळी रस्त्यावरून हसण्याबोलण्याचे आवाज आले की ती मशीन जोरानं चालवायची.

बेकरीवाल्याची बेल मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकली. तिसऱ्या दिवशीही. मग त्यानं चुकण्याचं सोंग सोडलं आणि खिडकीतून ठमीसाठी बदकाच्या आकाराची बिस्किटं द्यायला लागला. बदक कसलं, चपलेसारखं दिसायचं ते. ठमीनं तसं तोंडावर सांगितलं, तरी त्यानं मनावर घेतलं नाही.

"तुम्हाला सगळे आत्याच म्हणतात?" त्यानं एकदा विचारलं.

"सगळेच."

"मी म्हणणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

आत्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं पिशवीवर आपला नंबर लिहून दिला, तेव्हा तिनं सांगून टाकलं, की फोन मोकळा ठेवायचा असतो. भावाचा फोनसुद्धा ती 'बरं आहे, ठेवते' म्हणून आटपायची. बोलताना दुसरा फोन आला तरी कळतं, असं कुणीही म्हटलं असतं. तो म्हणाला नाही. नुसती मान हलवली, आणि तिथेच आत्या त्याच्या प्रेमात पडली.

एका संध्याकाळी पिशवी देताना बोटं बोटांना लागली. त्यानं हात मागे घेतला नाही. तिनंही नाही.

"ठमीचं ऑपरेशन झालं की... एक विचारायचंय तुम्हाला."

"तेव्हा विचारा," ती म्हणाली. आवाज भलताच हळू निघाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पाव फाटकाला अडकवलेला होता. तिसऱ्या दिवशीही नुसती पिशवी. ठमी काचेला नाक लावून बसली. बरोबरच आहे, आत्यानं स्वतःला बजावलं, बंद खिडकीशी माणूस किती दिवस उभा राहणार? त्या रात्री उशी ओली झाली.

आणि मग हॉस्पिटलचा फोन आला.

सकाळी ऑपरेशनसाठी आत नेताना ठमीनं विचारलं, बदकवाला का नाही आला? आत्यानं तिचे केस सारखे केले. दार मिटलं. बाकड्यांवर इतरांची गर्दी होती, कुणाचे आजी-आजोबा, कुणाचे मामा. आत्याच्या शेजारी तिची पर्स. बसवेना म्हणून ती खिडकीशी गेली.

रस्त्यापलीकडे, फुटपाथवर तो उभा होता. नाकाला रुमाल. तिला पाहून त्यानं हात वर केला, पण रस्ता ओलांडला नाही. ऊन चढलं, उतरलं, तो तिथेच.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. छिद्र बुजवलं होतं, हृदय छान चालत होतं. आत्या भिंतीला टेकून मनसोक्त रडली. मग पर्समधून पिशवीचा तो घडी घातलेला तुकडा काढला आणि नंबर लावला.

"ठमी?" पलीकडून बसलेला आवाज आला.

"सुखरूप आहे." तिनं डोळे पुसले. "तुम्ही कुठे गायब होतात?"

"त्या दिवशी कोपऱ्यावर पोचलो आणि शिंक आली."

"मग सांगायचं ना..."

"सांगितलं असतं, तर तुम्ही रात्रभर तिचं कपाळ चाचपत बसला असता. आज वरच्या काकूंकडून कळलं, म्हणून आलो. लांबूनच."

खरंच बसली असती ती.

"ठेवतो आता," तो घाईनं म्हणाला. "तुमचा फोन..."

"नका ठेवू." आत्यानं काचेला कपाळ टेकलं. "फोन मोकळा आहे. काय विचारायचं होतं ते विचारा."

पलीकडे त्यानं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि नेमकी शिंक आली. मग आणखी एक.

आत्या थांबली. थांबायची तिला सवय होती.