पुढचा भाग आपोआप

शेजारच्या मालूताईंची आवडती मालिका वाहिनीवर कधीच संपली होती. शेवटच्या भागात सासू सुधारली, नायिका परदेशातून परत आली, गल्लीतल्या बायकांनी डोळे पुसून घेतले. मालूताईंच्या घरी मात्र ती अजून रोज दुपारी लागायची.

"काल धाकटीला जुळं झालं," सुगंधाची आई, गौराबाई, म्हणाल्या.

"कुठल्या धाकटीला?"

"मालिकेतल्या गं. मालू सांगत होती. आणि सासू पुन्हा बिघडलीय. बरं झालं. सुधारलेली सासू बघवत न्हवती."

सुगंधा टीव्हीच्या मागे वाकली होती. हातात बोटाएवढी जोडकांडी. गडहिंग्लजच्या बाजारात आता ती कंगव्यांशेजारी टांगलेली असायची. शहरातल्या लोकांनी भिंतीवर कागदासारखे पातळ पडदे चिकटवले; इथे घरोघरी अजून जुने टीव्ही होते, आणि कांडी त्यांच्यासाठीच होती. जुन्या टीव्हीच्या मागच्या खाचेत खुपसायची, की तो नव्यासारखा चालायचा. शिवाय ती काही संपू द्यायची नाही. मालिका जिथे थांबली तिथून पुढचे भाग कांडी स्वतःच रचायची. तेच चेहरे, तेच आवाज, तीच भांडणं.

कांडी हे निमित्त होतं. सुगंधा नऊ वर्षांनी या घरात आली होती ती एक गोष्ट विचारायला, आणि सकाळपासून ते विचारणं तिला जमलं नव्हतं.

तिचे वडील कल्लाप्पा वाजंत्री, सगळ्या तालुक्याचे आप्पा. त्यांचा बँड होता. क्लॅरिनेट ते स्वतः वाजवायचे, आणि नवरदेव घोडीवरून उतरला तरी लोक त्यांच्यासाठी थांबायचे. त्यांच्या मुलीनं पुण्यात हर्षदशी लग्न केलं. हर्षदला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

"माझं वाजवणं ज्याच्या कानात जाणार न्हाई, तो माझा जावई?" एवढंच आप्पा म्हणाले. मग भर अंगणात त्यांनी पोरीच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी, डोक्यावरून घागर ओतून. गल्ली बघत होती. "हे नाव पुन्हा या तोंडातनं निघायचं न्हाई," असं त्यांनी सर्वांसमक्ष सांगितलं.

निघालं नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. सुगंधाला कळलं तेव्हा तेरावाही उरकला होता.

आप्पांनी ती आंघोळ कधी मागे घेतली होती का? मनातल्या मनात तरी? एवढंच तिला विचारायचं होतं.

"लागला का?" आईनं विचारलं.

टीव्ही लागला. सुगंधानं मागूनच मान पुढे काढून पाहिलं. पडदा पांढरा झाला आणि त्यावर एक डाग दिसला. खाली, उजव्या कोपऱ्यात. चौकोनी, चहा सांडून वाळल्यासारखा, आणि चौकोनाच्या आत डोकं-खांद्यांची धूसर बाह्यरेषा.

सुगंधाचा हात कांडीवरच राहिला.

एकच चित्र एकाच जागी वर्षानुवर्षं दिसत राहिलं तर पडदा तिथे झिजतो. हे तिला माहीत होतं. आणि तो चौकोन कोणाचा, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. रोज दुपारच्या बातम्यांत ती त्याच चौकटीत उभी असायची. निवेदिका मोठ्या पडद्यावर बोलायची. कोपऱ्यात उभी राहून सुगंधा त्याच बातम्या कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेत सांगायची.

"आई, दुपारच्या बातम्या कोण बघायचं?"

"हेच की. दुसरं काय बघतच न्हवते." गौराबाईंनी पदर सारखा केला. "मी आतनं बघायची तुला. स्वयंपाकघराच्या दारातनं. चष्म्याबिगर त्यांना कोपऱ्यातलं दिसत न्हाई असं मला वाटायचं. म्हणून गप बसले. कळलं असतं तर बंदच केला असता की टीव्ही."

"त्यांना दिसत नव्हतं?"

"मला काय ठाऊक? मी विचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई."

पडद्यावर अक्षरं उमटली.

*या टीव्हीत न ओळखलेल्या हावभावांचा जुना साठा सापडला आहे.*
*जोडणी पूर्ण करण्यासाठी तो पुसावा लागेल.*
*पुसू? आधी पाहू?*

"पूस की," आई म्हणाली. "मालूची मालिका लागायची वेळ झाली."

हा टीव्ही आप्पांनी एका चांगल्या लगीनसराईनंतर आणला होता. त्या काळात त्याचं मोठं कौतुक. पडद्याच्या वरच्या कडेला मसुरीच्या डाळीएवढा डोळा, आणि हात हलवला की आवाज कमी-जास्त, बोट फिरवलं की वाहिनी बदलायची. आप्पा बँडला खूण करावी तसे त्याला खुणावायचे. एखादी खूण कळली नाही तर टीव्ही ती साठवून ठेवायचा, पुढे कंपनीनं शिकवावं म्हणून. चेहरा नाही, खोली नाही. फक्त सांधे, ठिपक्यांनी दाखवलेले. खांदे, कोपरं, मनगटं, बोटं. कंपनी बंद पडली. साठा मागायला कुणी आलंच नाही.

सुगंधानं 'पाहू' निवडलं.

काळा पडदा. ठिपके. ठिपक्यांचा एक माणूस खुर्चीत बसलेला. डावा खांदा उतरता. उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर एकामागून एक पडत होती, उठत होती. जणू गुडघ्याला क्लॅरिनेटची भोकं आहेत आणि ती बोटांनी झाकायची आहेत.

"अगंबाई," गौराबाई म्हणाल्या.

ठिपक्यांच्या माणसानं दोन बोटं उचलली आणि डाव्या भुवईला लावली.

ही खूण सुगंधाला येत नव्हती. कुठल्याच खुणांच्या भाषेत ती नव्हती. मग तिचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या भुवईकडे गेला. तिथे एक व्रण होता. पाच वर्षांची असताना ती आप्पांच्या सायकलवरून पडली होती, बँडच्या ढोलावर.

नाव. तिचं नाव होतं ते. तोंडातून न निघालेलं.

मग हात बोलू लागले. अडखळत, चुकत, लहान मुलाच्या अक्षरासारखे.

*(भुवई). आज. साडी. पिवळी. चांगली.*

"काय करतायत ते?" आईनं विचारलं.

सुगंधा पडद्याजवळ सरकली. आप्पा तिच्याकडूनच शिकले होते. रोज दुपारी, आवाज चालू ठेवून. निवेदिका शब्द म्हणायची, कोपऱ्यातली पोरगी खूण करायची, आप्पा ती उचलायचे. दुसऱ्या कुठल्या खुणा त्यांना माहीत असणार? त्यांच्याकडे होते ते सगळे शब्द बातम्यांतले होते.

*(भुवई). चेहरा. दुष्काळ.*

ती हसली. त्या दिवसांत ती फार वाळली होती.

*(भुवई). बेपत्ता. शोध. सुरू. मी.*

तो पावसाळा. डेंग्यूनं ती दवाखान्यात होती आणि चौकटीत दुसरी मुलगी उभी राहायची.

*(भुवई). सापडली. जीवितहानी. नाही.*

"अगं सांग की! का रडायलीस?"

"ते बोलतायत, आई. माझ्याशी. मी बातम्यांत करते तसं."

गौराबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीकडे. खुर्ची अजून तिथेच होती, पाठीला तेलाचा डाग असलेली.

*विरोधी पक्ष. ऐकू येत नाही. तरी. चर्चा. तयार.*

विरोधी पक्ष म्हणजे हर्षद. जावयासाठी बातम्यांत शब्दच नव्हता. सुगंधानं तोंडावर हात दाबला. नऊ वर्षं ती त्या चौकटीतून मंत्र्यांचे दौरे, धरणांचे साठे, भाववाढ सांगत होती. पलीकडे कुणी बघतं का, असं तिला कितीदा वाटलं होतं. आणि इथे, या खोलीत, एक माणूस तिला रोज उत्तर देत होता.

ठिपके थोडा वेळ स्थिर राहिले. मग दोन्ही हात वर गेले, काहीतरी जड उचलल्यासारखे, आणि डोक्यावर उलटे झाले.

ते समजायला कुठलीच भाषा लागत नव्हती. "आंघोळ," गौराबाई पुटपुटल्या. "ती आंघोळ हाय ना?"

*डोक्यावर पाणी. निर्णय. मागे.*

आणि पुन्हा:

*निर्णय. मागे. सरकार. चुकलं. राजीनामा.*

"काय म्हणाले? सुगे, काय म्हणाले?"

"मागे घेतली," ती म्हणाली. "आई, त्यांनी मागे घेतली होती."

तिला वाटलं होतं, हे कळलं की छातीवरचं काहीतरी उतरेल. उतरलं नाही. कारण तिनं आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे असंच करायचे," गौराबाई हळू म्हणाल्या. "रोज जेवल्यावर. हात हलवायचे, बोटं वाकडी करायचे, एकटेच. मी दारातनं बघायची. मला वाटलं, कंपवात. तो हात, अगं, क्लॅरिनेटचा हात, आणि असा थरथरतोय... मी डॉक्टरकडे नेलं."

"ते काही म्हणाले नाहीत?"

"डॉक्टरनं विचारलं, हात आपोआप हलतात का? हे म्हणाले, व्हय. एवढंच. काय सांगतील? सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं." त्यांनी स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. "गोळ्या मी देत होते. रोज. हातानं. हात शांत झाले म्हणून देवापुढं साखर ठेवली मी."

पडद्यावर ते दिसत होतं. खुणा जड होत गेल्या. वाक्यं तुटली. हात अर्ध्यावर थांबायचे, मांडीवर पडायचे, पुन्हा उठायचे.

*(भुवई). आज.*

*(भुवई).*

शेवटी नुसती दोन बोटं. भुवईपर्यंत न पोचलेली.

मग काळा पडदा.

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मालूताईंच्या घरातून मालिकेचं शीर्षकसंगीत सुरू झालं. सुगंधा आईजवळ सरकली, पण आईच्या खांद्यावर हात ठेवायच्या आत पडद्यावर अक्षरं आली.

*साठा संपला.*
*पुढचा भाग आपोआप सुरू होत आहे.*

"नको," सुगंधा म्हणाली.

ठिपके पुन्हा उजळले. तोच माणूस, तीच खुर्ची, तोच उतरता खांदा. बोटं गुडघ्यावर पडली, उठली. मग हात वर आले. जड नव्हते, अडखळत नव्हते. कांडीनं गोळ्यांच्या आधीचे हात घेतले होते आणि तिथून पुढे रचायला सुरुवात केली होती.

*(भुवई). आज. घरी. तू. केस. कापले.*

सुगंधानं पडद्याच्या वरच्या कडेकडे पाहिलं. मसुरीएवढा डोळा. त्यात लाल ठिपका लागला होता. तो तिला बघत होता.

"बोलायलेत की गं!" गौराबाई उठून उभ्या राहिल्या. "बघ, हात कसा चालतोय!"

"आई, हे आप्पा नाहीत."

"मग कोण?"

"कांडी. मालूताईंच्या मालिकेतल्या सासूसारखं. आतापर्यंत होतं ते आप्पांचं होतं. हे बनवलेलं आहे."

"तुझ्या भुवईची खूण कांडीला कुठनं ठाऊक?"

"आप्पांकडूनच उचलली. आत्ता, आपल्यासमोर."

"मग त्यांनी तरी तुझ्याकडनं उचललंच की सगळं," आई म्हणाली.

 सुगंधा टीव्हीच्या मागे गेली, हात घातला, कांडी चिमटीत धरली. गरम लागली. अंगातल्या तापासारखी. ओढली की संपलं. पण साठा? जोडणी अर्धवट तोडली तर खरे आप्पाही पुसले जातील का, हे तिला माहीत नव्हतं. कांडीच्या खोक्यावर असलं काही लिहिलेलं नव्हतं.

आईनं तिचं मनगट पकडलं. म्हाताऱ्या हातात एवढा जोर असेल असं सुगंधाला वाटलं नव्हतं.

"एकदा मी त्यांचे हात बंद केलेत," गौराबाई म्हणाल्या. "पुन्हा न्हाई."

"आई, तो ठिपक्यांचा—"

"व्हय, ठिपक्यांचा. कळतंय मला. येडी न्हाई मी. पण ते काय विचारतायत ते तरी बघ."

टीव्हीच्या कडेवरून मान वाकडी करून सुगंधानं पडदा पाहिला. हात तिच्याकडेच वळले होते. पडद्याच्या ज्या कडेवरून ती डोकावत होती, नेमके तिकडे.

*(भुवई). राजीनामा. माझा.*

आणि मग ती खूण, जी खुणांच्या भाषेत प्रश्नाच्या शेवटी येते आणि उत्तर मिळेपर्यंत हवेत तशीच धरून ठेवायची असते:

*मंजूर?*

हात थांबले. वाट बघू लागले. खऱ्या आप्पांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्यांचे हात तिथवर पोचलेच नव्हते. की पोचणारच होते, आणि हा त्यांचाच पुढचा भाग होता?

"काय विचारलं?" आई कुजबुजली. "सांग की त्यांना काहीतरी."

सुगंधाची चिमूट अजून कांडीवर होती. 'मंजूर' ही खूण एका हातानं होत नाही. तिला दोन्ही हात लागतात.