विसाव्यापुढची वाट

सकाळी आठच्या सुमारास मी कारभाऱ्याकडे दोन बांबू मागायला गेलो. बाजेला बांधायचे होते. बाबांना बाजेवर घालून फाट्यापर्यंत न्यायचं, तिथून दीडच्या एसटीनं मेहकरच्या दवाखान्यात, एवढंच काम. एकोणसत्तरच्या वैशाखातली गोष्ट. कारभारी न्याहारीला बसला होता. हात धुऊन म्हणाला, "चाल, मी बी येतो."

साडेआठला बांबू बांधून झाले. आम्ही निघालो साडेअकराला. मधले तीन तास मोठेबाबांनी खाल्ले.

मोठेबाबा म्हणजे रंगराव, बाबांचे थोरले भाऊ. बाबांचा आंतरगळ जुनाच होता. आदल्या संध्याकाळी ती गाठ अडकली, दगडासारखी झाली, आणि उलट्या सुरू झाल्या. खामगावच्या कॉलेजात मी दोनच वर्षं काढली, तीही वाया घालवली. पण अडकलेलं आतडं शेकानं सुटत नाही, सडतं, एवढं कळायला कॉलेज लागत नाही. मोठेबाबांनी रात्रभर विटेचा शेक दिला. सकाळी भगत आणला. मग म्हणाले, आज अवस हाये, दुखणाईत माणूस घराबाहेर काढू नाही.

"मरू द्याचं हाये का त्याइले?" मी म्हणालो.

"हेच शिकून आला का बे कॉलेजातून?"

"काहीच नाई शिकलो. तुम्हीच तर सांगता गावभर. उचला आता."

निघताना शेजारची भिमाबाई दारात आली. आदल्या वर्षीच्या चैत्रात तिच्या नवऱ्याला, उकंडरावला, याच माणसांनी असंच बाजेवर घालून फाट्याकडे नेलं होतं. अर्ध्या वाटेत आमच्या गावाचा विसावा आहे, चिंचेखाली एक ओटा. प्रेत नेताना तिथं तिरडी टेकवतात, पुढचे खांदेकरी मागे जातात, मागचे पुढे येतात, आणि मसणवट्याकडे वळतात. उकंडराव त्या ओट्यावर गप्प झाला. मोठेबाबांनी नाकापाशी हात धरला, संपलं म्हणाले, आणि तिथूनच बाज वळवली. डॉक्टर नाही, नाडी नाही. भिमाबाईला तोंड बघायला तिथंच बोलावलं होतं. ती अजून सांगते, त्याचे तळपाय गरम होते. बायकांच्या बोलण्याकडे कोण लक्ष देतो.

"इंद्रभान," ती हळूच म्हणाली, "तिथं टेकवजो नको."

मागे मी आणि मोठेबाबा, पुढे कारभारी आणि गावातलाच नारायण. उन्हासाठी चौघांनीही दुपट्टे डोळ्यांपर्यंत गुंडाळले होते, आत कांदा. बाबांवर धोतराची सावली केली होती. वाटेवर कुत्रंसुद्धा नव्हतं. भेगाळलेल्या रानातून गरम वारा यायचा आणि बाबांच्या उलटीचा आंबट वास तोंडावर आणून टाकायचा. बांबूची करकर, आमचा श्वास, आणि बाबांचं कण्हणं. मी त्या कण्हण्यावर पावलं टाकत होतो.

विसाव्यापाशी नारायणला चक्कर आली. बाज ओट्यावर टेकवावीच लागली.

टेकवली आणि कण्हणं थांबलं.

मोठेबाबा वाकले. धोतर बाजूला केलं, नाकापाशी हात धरला. बराच वेळ धरला. मग डोक्यावरचा दुपट्टा काढला.

"संपलं. वळवा इथूनच."

"हात काढा."

"अरे, उन्हात कुठं फाट्यापर्यंत..."

"हात काढा म्हणलं ना मोठेबाबा. गेल्या साली बी याच हातानं पाह्यलं होतं तुम्ही."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मी बाबांच्या मांडीला जोरात चिमटा घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. ओठ हलले.

"उचला," मी ओरडलो.

आणि सवय बघा. घाईतसुद्धा मोठेबाबा मागून पुढे आले, मला कोपर लावून पुढे घेतलं, कारभारी मागे गेला. जित्या माणसाच्या बाजेला आम्ही प्रेताची अदलाबदल केली. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा चारी कोपरे एकसारखे वर उचलले गेले होते.

आता वेग वाढला. वाढवला कोणी ते कळेना, मागूनच रेटा येत होता. मोठेबाबा धापा टाकत म्हणाले, "नारायण, हळू बे..." मागून उत्तर आलं नाही. एकदा त्यांनी थांबायला पाय रोवले, तर बांबू त्यांच्या मानेत रुतला आणि पाय आपोआप पुढे पडले.

मग बाबा बोलायला लागले. अगदी बारीक.

"हाव."

थोडं चाललो की पुन्हा, कोणाला होकार द्यावा तसं, "हाव."

"कोणाशी बोलून राह्यला हा?" मोठेबाबांनी विचारलं.

मी मागे पाहिलं नाही. धीर झाला नाही, खरं सांगतो.

फाट्यावर एसटी नुकतीच थांबत होती. आम्ही बाज उतरवली, मी वळलो. मागच्या बाजूला कारभारी एकटाच उभा होता. दुसऱ्या बांबूपाशी कोणी नव्हतं.

"नारायण कुठं गेला?"

"आत्ता तर होता," कारभारी म्हणाला. "धोतराच्या आडून पायच दिसत होते. अनवाणी चालत होता. म्हणलं वहाण तुटली असंल."

लांबवर, वाटेच्या वळणावर, नारायण लटपटत येताना दिसला. पायात वहाणा होत्या. तो चिंचेमागे ओकत बसला होता. आम्हाला हाका मारल्या म्हणाला, कोणी थांबलं नाही.

मेहकरला डॉक्टरनं बाबांना सरळ टेबलावर घेतलं. आणखी तासभर उशीर झाला असता तर आणूच नका म्हणालो असतो, असं तो मोठेबाबांकडे बघून म्हणाला.

दहाव्या दिवशी टाके निघाले. त्या रात्री बाबांनी मला खाटेजवळ बोलावलं.

"डोक्याशी कोण होतं रे, डाव्या बाजूले?"

"नारायण," मी खोटं बोललो.

"नाई. तो मले सारखा विचारे, जिता हायेस ना? म्हणे, बोलत राह्य. गप्प झाला की हे लोक वळवतात..."

त्याला आता तीन वर्षं झाली, बाबा शेतात जातात. मोठेबाबा मात्र त्या वैशाखापासून घराबाहेर पडले नाहीत. दुपारी ओसरीत आडवे होतात, डोळे मिटतात, आणि झोपेत अधूनमधून म्हणतात, "हाव... जिता हावो." आम्हाला सवय झाली. म्हातारपण, म्हणून सोडून दिलं.

काल दुपारी मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. ती बाज भिंतीला उभी लावलेली असते. मोठेबाबा गाढ झोपले होते, बराच वेळ काही बोलले नव्हते. त्यांचं तोंड उघडं होतं.

बाजेच्या मागून कोणीतरी हळूच विचारलं, "जिता हायेस ना?"

मला ऐकू आलं. मोठेबाबांनी उत्तर दिलं नाही.

मग बाज भिंतीपासून जराशी सुटली, आणि तिचे टेकलेले दोन पाय जमिनीवरून एकसारखे वर झाले.