दहाची लाईन

शिक्रापूरच्या स्टँडवर दौंडच्या एसटीसाठी ही रांग, आणि हा पठ्ठ्या खांद्यावर मोटरचा स्टार्टर घेऊन सरळ पुढं घुसला.

"ओ, लाईनीत या," शितल म्हणाली.

तो वळला, हसला. "लाईनीपायीच पळतोय की. लाईन यायच्या आत खुटबाव गाठायचंय."

आता गंमत बघा. शितलची लाईन कंपनीतली, गाड्यांचे दिवे सरकत यायचे आणि ती आठ तास उभी राहून तपासायची. त्या पठ्ठ्याची, विश्वजीतची, लाईन म्हणजे विहिरीवरच्या मोटरची वीज. आणि महिन्याभरात खोलीवरची सविता म्हणायला लागली, "तुमची तिसरीच लाईन चालू झालीय गं." शितल चिडली, लाजली... पण नाही म्हणाली नाही.

सुट्टीला दोघं चौफुल्याला भेटायचे. चहा निम्मा व्हायचा नि त्याचा फोन वाजायचा. "लाईन आली. दारं धराय जातो." उसात पाणी वळवायला माणूस लागतोच, हे तिला कळत होतं. तरी दोन कप पुढ्यात घेऊन बसताना मनात एकच यायचं. याला मी हवी का मोटर?

अशात पाटसला घरी पुण्यातल्या नोकरदाराचं स्थळ आलं. रविवारी दुपारी होकार कळवायचा होता. शितलनं धीर करून वडलांना सगळं सांगितलं.

"शेतकऱ्याचं पोरगं?" आप्पांनी टोपी काढून खाली ठेवली. "रविवारी दहाला आण त्याला. न्हाई आला तर मी तिकडं होय म्हणणार."

तिनं फोन लावला.

"दहाला?" विश्वजीत अडखळला. "दहाला तर लाईन—"

शितलनं फोन कापला.

रविवारी तिनं ओटा चारदा पुसला. दहा वाजले... दहा वाजून पाच... आणि फाटक वाजलं. इस्त्रीचा शर्ट, पायाला चिखल.

"रानात कोण हाय?" आप्पांनी पहिलं हेच विचारलं.

"कुणी न्हाई. ऑटो टाकून आलोय."

आप्पांचा कप हातातच राहिला. लाईन आली की मोटर आपली आपण सुरू होणार, आणि पाणी वळवायला कुणी नाही. "अरं, बांध फुटंल की."

"फुटू द्या. बांध परत घालता येतो, आप्पा. ही गेली तर मला..."

त्याचा फोन वाजला. लाईन आली होती. त्यानं न बघताच तो पालथा ठेवला. शितलचे डोळे भरून आले. इतके दिवस उगाच मोटरीवर जळत होती ती.

पण बसवेना तिला. तिकडं पाणी मोकाट सुटलं असणार. "आप्पा, मी जाऊ यांच्यासंगं? दारं धरायला?"

"एकटी कशी जाशील?" आप्पा उठले, टोपी घातली. "घर बघाय जायचंच हाय कवा तरी. आजच जाऊ. जावईबापू, गाडी काढा. आन् शितल, दारामागलं खोरं घे."