लक्ष्मणरावांची फटफटी

भंगारवाल्याच्या हातगाडीवरून ती फटफटी पडवीत उतरली, तेव्हा रंगरावानं तिला हात जोडले नाहीत की तिच्यावरची धूळ झटकली नाही... त्यानं तिला एक कचकचीत शिवी हासडली! आणि मग तिच्यापुढं फतकल मारून तो असा हमसून हमसून रडला, की चुलीपुढची दुर्गाबाई पिठाच्या हातांनी तशीच धावत आली.

“अहो, झालं तरी काय? कुणाची ही?”

“आबांची,” रंगराव बाहीनं डोळे पुसत म्हणाला. “हिच्यावरच गेले आबा. अन् हिच्यापायीच आईनं मला उंबऱ्याबाहेर काढलं.”

दुर्गाबाईनं पदर तोंडाला लावला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, कासारवाडीहून थेरगाव ते काय लांब. पण सासूचं तोंड तिनं अजून पाहिलं नव्हतं.

लक्ष्मणरावांच्या फटफटीचा थेरगावात काय थाट होता म्हणून सांगू! देहूरोडचा कुणी गोरा साहेब मायदेशी परतताना विकून गेलेली ती जुनाट गाडी. पण नांगरामागं चालणाऱ्या त्या माणसाला यंत्राचं भारी वेड. थोरल्या रंगरावाच्या हातात पाना त्यांनीच दिला. आणि एकोणपन्नास सालच्या चैत्रात एका सकाळी ते चिंचवडला म्हणून निघाले, अन् नदीच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही... फटफटी दगडी बांधावर आदळली, आणि घरचा कर्ता पुरुष जागच्या जागी गेला.

पाहणाऱ्यांनी पाहिलं, मागच्या ब्रेकची कांब पायपट्टीपासून सुटून लोंबत होती. ती कांब एका खिळ्यानं जोडलेली असते. खिळा निसटू नये म्हणून त्याच्या भोकात बारीकशी कॉटर पिन घालून तिची टोकं वाकवायची असतात. अन् आदल्या संध्याकाळी तो ब्रेक बसवला होता कुणी? रंगरावानं!

“मी पिन घातली होती, आई! तुझ्या गळ्याची शपथ, घातली होती!” तो ऊर फोडून सांगत होता. पण धाकटा चिमाजी तिरडीपुढं उभा राहून, साऱ्या भावकीच्या देखत बोलून गेला, “दादाची खोडच हाय ती. पिन घालायची इसरतो.” आणि गोजाबाईनं पोटच्या पोराकडं जे पाहिलं, ती नजर आठ वर्षं झाली तरी रंगरावाच्या काळजातून निघाली नव्हती.

“माझं कुंकू पुसलंस रं! पुन्यांदा तोंड दावू नगंस मला...”

एकोणीस वर्षांचं पोर अंगावरच्या कपड्यांनिशी निघालं. मिळेल तिथं राबलं, फिटर झालं, पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलं. तिथले साहेब लोक त्याच्या हाताची तारीफ करायचे. पण हा भला माणूस प्रत्येक यंत्राची प्रत्येक पिन तीन तीनदा चाचपायचा, आणि सोबतचे हसले की त्यांच्या अंगावर खेकसायचा!

पिन चिमाजीनंच काढली, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्या सकाळी फटफटी धुवायला चिमाजीच बसला होता ना! काहीतरी उचकटलं असणार, आणि आळ घातला सख्ख्या भावावर! वर घर त्याचं, शेत त्याचं, आई त्याची... आणि आता बापाची फटफटी गोठ्यात अडचण करते म्हणून भंगारात काढणाराही तोच! कळल्याबरोबर रंगरावानं ती भंगारवाल्याकडून उचलली होती.

“ही उभी करतो, दुर्गे. अशी उभी करतो, की आवाज ऐकून सारं थेरगाव बाहेर आलं पाहिजे. हिच्या अंगातच कुठंतरी पुरावा असणार. तो चिमाजीच्या तोंडावर फेकतो!”

“फेकाच!” दुर्गाबाई म्हणाली. लेकरं झाली नाहीत म्हणून शेजारणी कुजबुजत, आईचा तळतळाट भोवला म्हणून. तिचाही जीव काही कमी जळत नव्हता.

रागाच्या भरात त्यानं श्रावणातच अर्जुनमामाच्या हाती, म्हणजे आईच्या भावाच्या हाती, निरोप धाडला. “खंडेनवमीला येतोय. आबा कुणाच्या हातानं गेले ते सगळ्यांसमोर दाखवीन. चिमाजीला म्हणावं, तयार राहा.”

मग प्रत्येक सुट्टी पडवीत जाऊ लागली. त्यानं टाकीचे पोचे काढले, चाकाच्या तारा एकेक करून ताणल्या, इंजिनातले व्हॉल्व्ह बोटं सोलेस्तोवर घासले. गंजलेल्या चौकटीवर कानस चालायची ती जणू भावाच्या हाडांवर! दुर्गाबाई रॉकेलच्या पातेल्यात नट धूत बसायची, आणि एकेक नट स्वच्छ होईल तसतशी दोघांची सुडाची आस जास्तच पेटायची. पण पुरावा? पायपट्टी पाहिली, कांब पाहिली, काहीच नाही! नवमी आठ दिवसांवर आली. सगळं झालं, उरला होता फक्त इंजिनाखालचा पत्रा. बांधावर आदळून तो पानाच्या विड्यासारखा मुडपला होता.

रंगरावानं तो हातोडीनं हळूहळू उलगडला. आतून ग्रीस आणि चिखलाचं वाळलेलं ढेकूळ पडलं, आणि ढेकळातून... खिळा! तोच खिळा! भोकात अजून काहीतरी अडकलेलं!

“दुर्गे! सापडला! सापडला गं चोर!” तो लहान पोरासारखा ओरडला.

रॉकेलमध्ये बुचकळून त्यानं खिळा पुसला. भोकात कॉटर पिन नव्हती. पितळी तारेचा एक तुटका पाय होता, आणि त्याच्या डोक्याशी एक नाजूक पीळ घातलेला... रंगरावानं तो पीळ लगेच ओळखला.

तो केसात खोवायचा आकडा होता! आबांनी आपल्या हातानं पितळी तार वाकवून, डोक्याशी पीळ घालून आईसाठी घडवलेल्या जोडीतला. साऱ्या गावात तसले आकडे दुसऱ्या कुणाच्या अंबाड्यात नव्हते. आणि दर तिसऱ्या दिवशी आबांची हाक ठरलेली, “अगं, आकडा दे जरा!” कार्ब्युरेटरचं बारीक भोक तुंबलं, की ते त्यानंच साफ करायचे, आई लटकं रागावून अंबाड्यातून काढून द्यायची.

त्या सकाळी आबांना ब्रेक ढिला वाटला असणार. त्यांनी स्वतः तो खोलला असणार. रंगरावानं घातलेली पिन सरळ करताना तुटली असणार, जुनी पिन तुटतेच... आणि जायची घाई! मऊ पितळ ते, हादऱ्यांनी किती टिकणार?

“म्हणजे... सासूबाईंच्या आकड्यानं!” हे सारं त्याच्या तोंडून ऐकताना दुर्गाबाईच्या हातातलं पातेलं खाली आलं, आणि पुढच्याच क्षणी तिचे डोळे पेटले. “सांगा! त्यांनाच सांगा! आठ वर्षं तुमच्या तोंडाला काळं फासलं ना? आता कळू दे त्यांनाही!”

आणि काय सांगावं, रंगरावाच्या मनातला सारा अंगार भावावरून उठला आणि आईवर जाऊन पडला! माझं ऐकलं नाहीस ना? शपथ घातली तरी ऐकलं नाहीस! आठही दिवस तो एकच वाक्य मनाशी घोकत राहिला. ‘कुंकू मी नाही पुसलं, आई. तुझ्याच आकड्यानं पुसलं.’

खंडेनवमीला सकाळी फटफटी थेरगावात शिरली, तेव्हा खरोखरच माणसं दारादारांत आली. मागं दुर्गाबाई ताठ बसलेली. रंगरावाच्या खिशात तो तुटका आकडा, आणि खिशावर मूठ.

अंगणात पूजा मांडलेली होती. नांगराचा फाळ, कोयते, विळे, कुऱ्हाड, सगळं धुऊन-पुसून पाटावर ओळीनं ठेवलेलं. आज हत्यारांना विश्रांती, आज त्यांना फक्त हळद-कुंकू. भावकी जमली होती. चिमाजी खांबाला धरून उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि गोजाबाई... किती थकली होती ती! फटफटीचा आवाज कानी पडताच तिच्या हातातली फुलं खाली सांडली, आणि ती क्षणभर डोळे मिटून तशीच उभी राहिली.

“आलास?” ती म्हणाली. आवाज कोरडा होता. “मामाला सांगितलंस न्हवं, दावतो म्हनून? दाव की!”

रंगरावानं खिशात हात घातला. वाक्य ओठांवर आलं... आणि त्याची नजर पाटावर गेली. फाळाशेजारी, झेंडूच्या फुलाखाली, एक छोटा पाना ठेवलेला होता. त्याचा पाना! आबांनी आठव्या वर्षी त्याच्या हातात दिलेला, मुठीवर त्यानं खिळ्यानं ‘रं’ कोरलेला... तेल लावून लखलखीत पुसलेला!

“हा... हा इथं कसा?”

चिमाजीची बायको शालन दबकत म्हणाली, “दरसाली असतोय, भावजी. आत्याबाई कुनाला हात लावू देत न्हाईत. सोता पुसत्यात, सोता ठेवत्यात.”

गोजाबाईनं मान फिरवली. “घरच्या हत्याराला उपाशी ठेवू व्हय?” ती पुटपुटली.

आठ वर्षं! जिनं तोंड दावू नगंस म्हटलं, तिनंच आठ नवम्या या पान्याला पुसलं होतं! घोकलेलं वाक्य... कुठं गेलं ते वाक्य?

“दाखव की रे पुरावा,” अर्जुनमामा म्हणाले.

“पुरावा न्हाई, मामा,” रंगराव म्हणाला. “फटफटी सगळी खोलून बघितली. पिन... पिन मीच घालायची इसरलो होतो. आई, चूक माझीच होती!”

मागून दुर्गाबाईनं श्वास ओढलेला त्याला ऐकू आला. त्यानं मागं पाहिलं नाही. पण पुढचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. चिमाजी धावत आला आणि त्याच्या पायांवर कोसळला!

“दादा, खोटं बोललो मी! तुझी कसली आलीया खोड? त्या सकाळी मीच धुतली व्हती फटफटी, माझाच हात लागला का काय, या भ्यानं तुझं नाव घेतलं! दारात ती गाडी बघवना म्हनून भंगारात घातली... मार मला, दादा!”

श्रावणात याला मारायलाच तर निघाला होता ना तो! रंगरावानं खाली वाकून भावाला उचललं आणि उराशी धरलं, आणि दोघे भाऊ साऱ्या गावादेखत लहान पोरांसारखे रडले. गोजाबाई दोघांच्या डोक्यांवरून हात फिरवत एकच म्हणत राहिली, “कुनाचं का असंना... पोरंच व्हता रं तुमी. मी माफ केलं, रंगा. कवाचंच माफ केलं.”

मग तिनं सुनेला जवळ बोलावलं. आत जाऊन लाकडी करंडा आणला, आणि त्यातून एक पितळी आकडा काढला, डोक्याशी नाजूक पीळ घातलेला.

“मालकांनी घडवल्याली जोडी व्हती. एक हाय ह्यो, तू घाल. दुसरा त्या दिशी सकाळी त्यांनी मागून घेतला, कायतरी साफ कराया... त्यो त्यांच्यासंगंच गेला. शेवटच्या घडीला माझी येवढी वस्तू त्यांच्याजवळ व्हती, त्याच समाधानावर दिस काढलं बघ, पोरी.”

दुर्गाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याची मूठ अजून खिशातच होती. सहा वर्षं जे जे बोलायचं म्हणून तिनं साठवलं होतं, ते सगळं तिनं गिळलं. आकडा अंबाड्यात खोवला, आणि सासूच्या पायांवर डोकं ठेवून ती हुंदके देऊ लागली.

“आत्याबाई, फार सुंदर आहे हो...” एवढंच तिला बोलता आलं.

गोजाबाईनं तिला उठवलं, आणि लेकाकडं वळली.

“अन् तुझ्या खिशात काय हाय रं? मघापास्नं मूठ दाबून धरलीयास ती?”

“काही न्हाई, आई,” रंगराव म्हणाला. “जुनी पिन हाय एक. तुटलेली. मी नवी घातलीया.”

“मग टाकून दे तिकडं,” गोजाबाई म्हणाली, “अन् हात धू. पानं वाढलीत.”